दोन नोड रिकामे आणि बाहेर रांग: शेड्युलर असं का वागतो?

गोदाकाठ

नमस्कार. नाशिकमधल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवते. आमच्याकडे दहा नोडचं क्लस्टर आहे, म्हणजे एकत्र जोडलेले दहा मोठे संगणक. प्रत्येक नोडला ४० कोअर, जोडणी इन्फिनिबँड ह्या वेगवान नेटवर्कची, आणि जॉबची (चालवायच्या कामांची) रांग स्लर्म नावाचं शेड्युलर सॉफ्टवेअर सांभाळतं. बसवणाऱ्यांनी जे सेटिंग करून दिलं तेच आजवर चालू आहे. ह्या सत्रापासून ती जबाबदारी माझ्याकडे आली.

मी त्यावर रोज डब्ल्यूआरएफ हे हवामानाचं मॉडेल चालवते. ३ किलोमीटरची जाळी, २४० गुणिले २४० बिंदू. दिंडोरी-निफाड पट्ट्यातल्या काही द्राक्ष बागायतदारांना पुढच्या ४८ तासांचा पाऊस आणि आर्द्रता कळवते. ऑक्टोबर छाटणीनंतर पोंग्यापासून फुलोऱ्यापर्यंत अवेळी पाऊस झाला की केवडा रोग बघता बघता पसरतो. फवारणी आज उरकायची की थांबायचं, हे ठरवायला अंदाज दुपारी एकच्या आत हवा. जीएफएस ह्या जागतिक हवामान मॉडेलचा पहाटे साडेपाचच्या रनचा डेटा आपल्याकडे दहाच्या सुमारास पूर्ण येतो, म्हणजे हातात तीनच तास. रात्री नऊला निघालेला अंदाज त्या दिवसाच्या फवारणीला काही कामाचा नाही.

आज सकाळी अकराचं चित्र सांगते. मेकॅनिकलच्या संशोधक विद्यार्थ्याचा ओपनफोमचा (द्रव-वायूंच्या प्रवाहाच्या सिम्युलेशनचा) जॉब परवापासून सहा नोडवर चालू आहे. दोन नोडवर कॉम्प्युटरच्या मुलांचे एकेका नोडचे जॉब. राहिलेले दोन नोड 'आयडल'. माझा आठ नोडचा जॉब रांगेत पहिला, कारण दाखवतो 'रिसोर्सेस', म्हणजे हवे तेवढे नोड मोकळे नाहीत. त्यामागे मुलांचे एकेका नोडचे बरेच जॉब, कारण 'प्रायॉरिटी', म्हणजे पुढे वरच्या प्राधान्याचा जॉब आहे. एक नोड मागणारी मुलं बाहेर थांबलेली, दोन नोड मोकळे, तरी स्लर्म द्यायला तयार नाही. कालही दिवसभर हेच.

विभागात आणखी चार नोड घ्यायचा प्रस्ताव चाललाय. त्यावर सही करण्याआधी विचारते: शेड्युलरमध्ये बिघाड आहे का? आणि माझा जॉब एकच्या आत कसा बसवायचा?

---

ओझरवाला

मॅडम, सोपं आहे. रोज सकाळी दहा ते एक आठ नोडचं आरक्षण टाकून द्या. स्लर्मच्या आरक्षणाला 'डेली' फ्लॅग असतो, एकदा टाकलं की रोज आपोआप लागतं. बाकीच्यांनी बाकीच्या वेळेत चालवावं. शेतकऱ्यांचं काम आहे, कुणी नाही म्हणणार नाही.

---

सातपूरकर

ताई, बिघाड नाही. जेवढी माहिती मिळाली आहे तेवढ्यावर शेड्युलर अगदी बरोबर वागतोय. आणि एक नाही, तीन नाही, नेमके दोनच नोड रिकामे का, ह्यातच सगळं उत्तर आहे.

आधी एक तपासा: पार्टिशनचा (नोडच्या गटाचा) मॅक्सटाइम, म्हणजे जॉबला मिळणारी कमाल वेळ, किती आहे आणि डिफॉल्टटाइम, म्हणजे वेळ न लिहिणाऱ्याला धरायची वेळ, लिहिला आहे का? मला वाटतं पहिला सात दिवस असेल आणि दुसरा लिहिलेलाच नसेल. तसं असेल तर जॉबच्या स्क्रिप्टमध्ये ज्याने वेळ लिहिली नाही, त्याला स्लर्म सरसकट सात दिवसांचा धरतं. वीस मिनिटांचा जॉबही सात दिवसांचा.

आता शेड्युलरच्या जागी बसून बघा. रांगेत पहिला जॉब तुमचा, त्याला आठ नोड हवेत. ओपनफोमचे सहा नोड कधी सुटतील? कागदावर अजून पाच दिवसांनी. त्या क्षणी ते सहा आणि आत्ताचे दोन रिकामे मिळून आठ होतात, म्हणून स्लर्मने तुमची सुरुवात तिथे धरून ठेवली. दहातून आठ गेले की दोन उरतात. त्या दोघांवर कितीही लांबीचे जॉब चालले तरी तुमच्या सुरुवातीला धक्का नाही, म्हणून तिथे मुलांचे दोन जॉब आत गेले. तिसरा आत घेतला तर कागदावर तो सात दिवस बसणार, पाच दिवसांनी सातच नोड मोकळे असणार आणि तुमचा जॉब मागे ढकलला जाणार. म्हणून तिसऱ्याला नकार. 'एस-क्यू' ह्या रांग दाखवणाऱ्या कमांडला 'स्टार्ट' पर्याय देऊन बघा, तुमच्या जॉबपुढे पाच दिवसांनंतरची तारीख दिसेल.

ह्याला बॅकफिल म्हणतात. नुसती 'जो पहिला आला तो पहिला' अशी रांग ठेवली तर मोठ्या जॉबमागे सगळे अडतात, आणि जो मावेल त्याला आत सोडत गेलं तर मोठा जॉब कायम बाहेर राहतो. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या आर्गोन नॅशनल लॅबोरेटरीत आयबीएमच्या एसपी यंत्रासाठी डेव्हिड लिफ्का यांनी ईझी नावाच्या शेड्युलरमध्ये मधला रस्ता काढला: पहिल्या जॉबची सुरुवात पक्की करा, आणि ती हलणार नसेल तर मागच्याला पुढे जाऊ द्या. स्लर्मचं बॅकफिल त्याहून कडक आहे. फक्त पहिल्याचीच नाही, वरच्या प्राधान्याच्या कुठल्याच जॉबची अपेक्षित सुरुवात लांबू नये असं ते बघतं.

पण ह्या सगळ्या रचनेचं खाद्य एकच, प्रत्येक जॉबची लिहिलेली वेळ. सगळ्यांनी सात दिवस लिहिले म्हणजे कुणी काहीच लिहिलं नाही. तुमच्या मुलांपैकी एकाने 'एक तास' एवढं लिहिलं असतं तर तो त्या रिकाम्या नोडवर आत्ता चालत असता, कारण पाच दिवसांच्या फटीत एक तास सहज मावतो.

म्हणून पहिलं काम, डिफॉल्टटाइम एक तास करा. ज्याला जास्त हवा तो लिहील. दुसरं, 'एस-ॲक्ट' ह्या झालेल्या जॉबच्या नोंदी दाखवणाऱ्या कमांडमधून गेल्या महिन्याच्या जॉबची लिहिलेली मर्यादा आणि खरा लागलेला वेळ शेजारी-शेजारी काढा आणि ते विभागाच्या बैठकीत दाखवा. नव्या नोडच्या प्रस्तावाआधी तो कागद सगळ्यांनी बघायलाच हवा. तिसरं आत्ताच करता येईल: चालू जॉबची मर्यादा त्याचा मालक स्वतः कमी करू शकतो, वाढवायला मात्र ॲडमिन लागतो. त्या ओपनफोमवाल्याला विचारा, किती राहिलंय.

एक सावधगिरी. कुणीतरी तुम्हाला 'बीएफ-विंडो' कमी करा असं सांगेल. करू नका. शेड्युलर किती पुढचं बघतो, ते हे सेटिंग. मूळ किंमत फक्त एक दिवस आहे. तुमच्याकडे पाच दिवसांनंतरची जागा धरली गेली, म्हणजे बसवणाऱ्यांनी ती नीट वाढवून दिलेली दिसते. ती मॅक्सटाइमपेक्षा कमी केलीत तर तुमच्या आठ नोडच्या जॉबला नजरेच्या टप्प्यात जागाच सापडणार नाही, त्याच्यासाठी काही धरून ठेवलं जाणार नाही, आणि लहान जॉब त्याच्या पुढून जातच राहतील. मोकळे नोड दिसणार नाहीत, सगळं कसं भरलेलं वाटेल, आणि तुमचा अंदाज मात्र निघणार नाही. रिकामा नोड डोळ्यांना खुपतो, पण काही वेळा तोच मोठ्या जॉबचा एकमेव आधार असतो.

---

गोदाकाठ

सातपूरकर सर, मॅक्सटाइम सात दिवस, डिफॉल्टटाइम नाही, 'बीएफ-विंडो' सात दिवस. अगदी तुम्ही म्हणालात तसं.

ओपनफोमवाल्याशी बोलले. त्याचा जॉब आज रात्री संपेल म्हणाला. त्याने मर्यादा उद्या सकाळी सहापर्यंत आणली आणि पुढच्या मिनिटाला माझ्या जॉबची अपेक्षित सुरुवात पाच दिवसांवरून उद्या सकाळवर आली. मुलांना जॉब पुन्हा एका तासाच्या मर्यादेने टाकायला लावले, ते त्या दोन नोडवर लगेच सुरू झाले. 'एस-ॲक्ट' चा कागदही काढला: गेल्या महिन्यातला सगळ्यात लांब जॉब ६१ तासांचा, मुलांचे बहुतेक अर्ध्या तासाच्या आतले, आणि मर्यादेच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत सात दिवस.

पण रोजचं काय? रोज कुणाला तरी जाऊन विचारणं शक्य नाही.

---

लॉगबुक

पुण्यात पीएचडी करतोय, ह्याच विषयाच्या जवळ. सातपूरकरांच्या म्हणण्याला एक पुरवणी. वेळेचे अंदाज जितके अचूक तितकं बॅकफिल चांगलं, हे वाटतं तितकं सरळ नाही. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातले ड्रॉर फायटेल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खऱ्या यंत्रांच्या नोंदी घेऊन सिम्युलेशन केली. २००१ मध्ये त्यांनी दाखवलं की वापरकर्त्यांनी दिलेली वेळ दुप्पट केली तर सरासरी कामगिरी बिघडत नाही, बऱ्याचदा सुधारते. मग मुलांना अचूक वेळ लिहायला लावण्याचा एवढा आग्रह कशाला?

---

सातपूरकर

लॉगबुक, ते निष्कर्ष मला माहीत आहेत आणि मी ते मानतो. पण ते का घडतं, ते वर ताईंच्या उदाहरणावरच करून बघा.

समजा मुलांचे जॉब संपून चार नोड मोकळे आहेत, ओपनफोमने संध्याकाळी पाचपर्यंतची वेळ लिहिली आणि प्रत्यक्षात तो दुपारी एक वाजताच संपला. पाचपर्यंत फट आहे असं समजून शेड्युलरने मधल्या वेळात तीन नोडचा, तीनला संपणारा जॉब आत घेतला. एक वाजता ताईंना आठ हवेत पण सातच मोकळे. त्यांचा जॉब तीनला सुरू होणार. दिलेल्या पाचच्या शब्दाआधीच झाला, शब्द मोडला नाही, पण एकला सुरू होऊ शकला असता तो तीनवर गेला. फुगवलेल्या वेळेमुळे फटी मोठ्या दिसतात, लहान जॉब त्यात पटापट जातात. जॉबच्या संख्येत लहानच जास्त, म्हणून सरासरी सुधारते. त्याची किंमत मोठा जॉब भरतो. फायटेल्सन आणि डॅन त्साफ्रिर यांनी पुढे २००६ मध्ये ह्या कोड्याची जी उकल केली तिचा गाभा हाच: चुकीच्या वेळेमुळे रांग नकळत 'आखूड काम आधी' कडे झुकते.

आणि दुप्पट केलेल्या वेळेतही आखूड कोण आणि लांब कोण हे कळतं. अर्ध्या तासाचा एक तास होतो, साठ तासांचे एकशेवीस. सगळ्यांनी एकच आकडा लिहिला की तेवढंही कळत नाही. मला अचूकपणा नकोच आहे. मर्यादा ओलांडली की स्लर्म जॉब मारतं, ही भीती खरी आहे, म्हणून नेहमीच्या वेळेच्या दीडपट लिहा आणि लांब जॉबला मधूनमधून स्थिती जतन करायला लावा. डब्ल्यूआरएफला रीस्टार्ट फाइलची सोय आहे, ओपनफोमही शेवटच्या जतन केलेल्या वेळेपासून पुढे चालू होतो.

आता ताई, रोजच्या प्रश्नाकडे. आठ नोड का मागता? प्रश्न उलटतपासणीचा नाही, मला खरंच जाणून घ्यायचंय. आठ नोड म्हणजे ३२० कोअर. २४० गुणिले २४० ची जाळी १६ गुणिले २० अशी वाटली तर एका कोअरच्या वाट्याला १५ गुणिले १२, म्हणजे १८० बिंदू. प्रत्येक पावलाला त्याला शेजाऱ्यांकडून काठावरचे बिंदू मागून घ्यावे लागतात. तीन ओळींचा काठ धरा: २१ गुणिले १८ म्हणजे ३७८, त्यातून स्वतःचे १८० वजा जाता १९८. स्वतःच्या बिंदूंपेक्षा शेजाऱ्यांचे जास्त! हेच दोन नोडवर, ८० कोअरला, करा: ३० गुणिले २४ म्हणजे स्वतःचे ७२० आणि काठाचे ३६०. निम्मे. डब्ल्यूआरएफ वापरणाऱ्यांत एक जुना ठोकताळा आहे, जाळीच्या दोन्ही बाजूंना २५ ने भागा आणि गुणाकार करा, त्यापलीकडे कोअर वाढवण्यात फारसा अर्थ नाही. तुमच्या जाळीला तो ९२ च्या आसपास येतो. म्हणजे दोन नोड, फार तर अडीच.

जे दोन नोड तुमच्या जॉबसाठी दिवसभर अडवून ठेवले होते, तुमचं काम बहुधा त्याच दोघांवर होऊन जाईल. दोन, चार, आठ, तिन्ही चालवून वेळ इथे टाका. आणि जॉबची स्क्रिप्टही टाका.

---

जुना_घन

आम्ही हे शिकलो तेव्हा प्रश्न निराळाच होता. 'किती प्रोसेसर' हे सोपं, 'कुठले' हे अवघड. हायपरक्यूबमध्ये, म्हणजे प्रोसेसर बहुमितीय घनाच्या कोपऱ्यांसारखे जोडलेल्या यंत्रात, जॉबला उपघन (त्या घनाचा लहान घन) द्यावा लागे, म्हणजे प्रोसेसरची संख्या दोनाच्या घातातच. नऊ मागितले की सोळा द्यायचे आणि सात वाया. वर, पुरेसे मोकळे असूनही ते एकमेकांना लागून नसले तर जॉब बाहेरच. १९८७ मध्ये चेन आणि शिन यांनी ग्रे कोड (शेजारच्या दोन क्रमांकांत एकाच बिटचा फरक असलेली मांडणी) वापरून साध्या बडी (निम्मे-निम्मे भाग करायच्या) पद्धतीपेक्षा दुप्पट उपघन ओळखता येतात हे दाखवलं, ते आम्हाला फार मोठं वाटलं होतं. पुढे आयबीएमच्या ब्लू जीनसारख्या यंत्रातही मोठ्या जॉबला ५१२ नोडचे मिडप्लेन जोडून सलग तुकडे काढून द्यावे लागत. आज तुमच्या दहा नोडच्या इन्फिनिबँडवर कुठलेही दोन नोड सारखेच जवळ, ही मोठी सुटका आहे. पण नोडच्या आतलं तुकडे पडणं अजून गेलेलं नाही, तिकडे लक्ष ठेवा.

---

गोदाकाठ

वेळा मिळाल्या. आठ नोडवर ५५ मिनिटं, चारवर ७०, दोनवर ११०. म्हणजे आठ नोडने ४४० नोड-मिनिटं खाल्ली आणि दोननी २२०. बरोबर निम्म्यात काम. सव्वादहाला सुरू झालं तर दोन नोडवरही बारा वाजून पाच मिनिटांनी अंदाज तयार.

स्क्रिप्ट सोबत पाठवली आहे. आधी डेटा उतरवणं, मग अनग्रिब, मेटग्रिड, रिअल (तो डेटा मॉडेलसाठी तयार करणारे प्रोग्रॅम) आणि शेवटी डब्ल्यूआरएफ, सगळं एकाच जॉबमध्ये आहे.

जुना_घन काका, नोडच्या आतले तुकडे म्हणजे नेमकं काय बघायचं?

---

सातपूरकर

स्क्रिप्ट पाहिली. अनग्रिब एकाच कोअरवर चालतो, डेटा उतरवायला तर कोअरचा काही संबंधच नाही. तेवढा वेळ बाकीचे सगळे कोअर तुमच्या नावावर नुसते बसून असतात. तीन तुकडे करा. डेटा लॉगिन नोडवरून क्रॉनने, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप, उतरवा. अनग्रिब-मेटग्रिडचा एका कोअरचा छोटा जॉब. त्यावर 'आफ्टर-ओके' अवलंबन (आधीचा नीट संपला तरच पुढचा) टाकून रिअल आणि डब्ल्यूआरएफचा दोन नोडचा जॉब, मर्यादा पावणेतीन तास.

नोडच्या आतल्या तुकड्यांबद्दल काका म्हणतात ते तुमच्याकडे लवकरच दिसेल, कारण आता मुलं आखूड जॉब भराभर टाकणार. एका कोअरचे दहा जॉब दहा नोडवर एकेक पसरले तर ३९० कोअर मोकळे असतात आणि अख्खा नोड एकही नसतो. सिलेक्ट-टाइपच्या, म्हणजे नोड कसे निवडायचे त्याच्या, पर्यायांत 'एलएलएन' लिहिलेलं असेल तर काढा, ते मुद्दाम सर्वांत कमी भार असलेला नोड निवडतं, म्हणजे पसरवतं. शेड्युलरच्या पर्यायांत 'पॅक-सिरियल-ॲट-एंड' टाका, एका कोअरचे जॉब नोडच्या यादीच्या शेवटाकडून भरले जातील आणि सुरुवातीचे नोड अख्खे राहतील.

आणि आरक्षण. ओझरवाले, तुमची सूचना योग्य आहे, फक्त ती शेवटी यायला हवी. सगळ्यांच्या मर्यादा सात दिवस असताना आठ नोडचं रोजचं आरक्षण टाकलं असतं तर काय झालं असतं? सात दिवसांचा कुठलाही जॉब दुसऱ्या दिवशीच्या दहाला आडवा जातो, म्हणून त्या आठ नोडवर रात्रीसुद्धा काहीच सुरू झालं नसतं. अख्खं क्लस्टर दोन नोडचं झालं असतं. आता मर्यादा आखूड झाल्यात आणि ताईंना दोनच नोड पुरतात, तेव्हा दोन नोडचं, रोज सव्वादहा ते एकचं आरक्षण खुशाल टाका. नऊला येणारा एक तासाचा जॉब तोपर्यंत त्याच नोडवर चालून जाईल. फक्त ६१ तासांचे जॉब त्या दोघांवर बसणार नाहीत, ते उरलेल्या आठांवर जातील, आणि सहा नोडच्या ओपनफोमला तेवढे पुरेसे आहेत.

चार नव्या नोडचा प्रस्ताव मी तुमच्या जागी असतो तर महिनाभर थांबवला असता. एकमेकांवर अवलंबून असलेल्या कामांच्या यादीत प्रोसेसर वाढवल्यावरही सगळं काम आधीपेक्षा उशिरा संपू शकतं, हे रोनाल्ड ग्रॅहम यांनी १९६६ मध्येच दाखवून दिलंय. तुमच्याकडे तसं होईल असं मी म्हणत नाही. पण कालच्या मर्यादांवर चौदा नोड असते तरी ह्याच रांगेत पुन्हा काही नोड मोकळे आणि मुलं बाहेर, हे चित्र तुम्हाला लवकरच दिसलं असतं. महिन्याने 'एस-ॲक्ट' पुन्हा काढा. मर्यादा आखूड असूनही रांग लांबच दिसली, तर नोड खरोखर कमी आहेत. मग सही करा, आणि तोच कागद प्रस्तावाला जोडा.

---

गोदाकाठ

आरक्षण आजपासून लावलं. डिफॉल्टटाइम एक तास केला आणि तशी सूचना लॉगिनच्या वेळी दिसणाऱ्या संदेशात टाकली. 'एलएलएन' खरंच होतं, काढलं. प्रस्ताव पुढच्या बैठकीवर ढकलायला विभागप्रमुख तयार झाल्या, कागद बघून.

शुक्रवारी संध्याकाळी काही मुलांनी विचारलं, आठ नोड मोकळे असून जॉब का सुरू होत नाही. शनिवारी सकाळी वीज बंद राहणार म्हणून मी देखभालीचं आरक्षण टाकलं होतं, आणि त्यांनी जॉबला सरसकट दोन दिवस लिहिलेले होते. ते आठ तास केल्यावर लगेच सुरू झाले. ह्या वेळी कारण मी त्यांना स्वतः फळ्यावर काढून दाखवू शकले.